ज्यांच्याकडे बाण येत नाही

आमच्या घरी वसुबारसेच्या आधी माळा उतरवण्याची पद्धत आहे. वर्षभर वर टाकलेल्या वस्तू एक दिवस खाली येतात, त्यांच्यावरची धूळ झटकली जाते, दोन-चार वस्तू कामाच्या म्हणून खाली राहतात आणि बाकीच्या पुन्हा वर जातात. खाली राहणाऱ्यांत तांब्याचे एक जुने घंगाळ असते. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाचे पाणी त्यातच काढायचे, असा आईचा नेम आहे. पुन्हा वर जाणाऱ्यांत पत्र्याची एक लांबट नळी असते. तिच्यात आमच्या घराण्याची वंशावळ गुंडाळून ठेवलेली आहे.

ही वंशावळ आजोबांनी मोडीतल्या जुन्या कागदावरून बाळबोधीत उतरवून काढली. खाली कापड चिकटवले. बाबांनी पुढे तिच्यात आपल्या पिढीची भर घातली. बापाच्या नावापासून मुलाच्या नावापर्यंत काळ्या शाईची रेघ आणि रेघेच्या टोकाला बारीकसा बाण, अशी आजोबांची शिस्त. नऊ पिढ्यांचे चौसष्ट पुरुष त्यात आहेत. ज्या बायकांची नावे आजोबांना मिळाली ती त्यांनी नवऱ्याच्या नावाखाली लहान अक्षरांत घातली आहेत: भा. लक्ष्मी, भा. उमा, भा. जानकी. 'भा.' म्हणजे भार्या. अशी एकतीस नावे आहेत.

गेल्या दिवाळीत माझी भाची आजोळी आली होती. ती पुण्याला संगणकशास्त्र शिकते. माळ्यावरून नळी खाली आली तशी तिने वंशावळ ओसरीवर पसरली, थोडा वेळ पाहिली आणि मला विचारले, "मामा, यात ज्याच्याकडे एकही बाण येत नाही, अशी नावे किती असतील?"

मी म्हणालो, "त्यात विचारायचे काय? एकच. मूळपुरुष. बाकी प्रत्येकाला बाप आहे."

"मोजू या का?" ती म्हणाली.

तिने गावात जाऊन झेरॉक्स काढून आणली आणि पेन्सिल घेऊन बसली. मला वाटले, ती आता एकेक नाव घेऊन त्याच्याकडे बाण येतो की नाही हे साऱ्या कागदभर शोधत बसणार. पण तिने नावांकडे पाहिलेच नाही. ती बाणांच्या मागे लागली. एक बाण घ्यायचा, तो ज्या नावाशी टेकला असेल त्या नावावर एक टिंब द्यायचे, आणि पुढचा बाण घ्यायचा. त्रेसष्ट बाण, त्रेसष्ट टिंबे. मग तिने एकदाच साऱ्या नावांवरून नजर फिरवली आणि ज्यांच्यावर टिंब नव्हते त्यांच्याभोवती गोल काढले.

ही युक्ती साधी असली तरी तिची किंमत हिशेबाने कळते. नावे पंचाण्णव आणि बाण त्रेसष्ट. प्रत्येक नावासाठी सगळे बाण तपासायचे म्हटले, तर जवळजवळ सहा हजार वेळा पाहावे लागेल. तिच्या रीतीने त्रेसष्ट आणि पंचाण्णव मिळून एकशेअठ्ठावन्न वेळा पाहून काम झाले. एखाद्या नावावर दोन टिंबे पडली तरी या रीतीत बिघडत नाही. टिंब मुळीच नसणे, एवढ्याचाच शोध चाललेला असतो.

गोल निघाले बत्तीस. एक मूळपुरुष आणि एकतीस बायका.

मी कागदाकडे पाहत राहिलो. तो कागद मी लहानपणापासून शंभरदा पाहिला असेन, पण हे माझ्या ध्यानात कधी आले नव्हते. त्या कागदाच्या हिशेबाने या एकतीस जणी कोठूनच आलेल्या नव्हत्या. त्यांना आईबाप नव्हते, गाव नव्हते. एके दिवशी त्या नवऱ्याच्या नावाखाली उगवल्या, एवढेच.

"आणि आमची आई तर यात नाहीच," भाची म्हणाली. तिची आई म्हणजे माझी सख्खी बहीण. मुलींची नावे आजोबांनीही घातली नाहीत आणि बाबांनीही नाहीत.

तेव्हापासून हा बाणांचा विषय माझ्या डोक्यात बसला. गणिताशी माझी ओळख मॅट्रिकपुरती, आणि तीही तितकीशी स्नेहाची नव्हे. परंतु मी शाळेत इतिहास शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. हे दोन्ही उद्योग 'याच्या आधी काय होते?' या एकाच प्रश्नावर चालतात. तेव्हा या प्रश्नाचा गणितातला इतिहास काय आहे, हे भाचीकडून आणि तिने आणून दिलेल्या पुस्तकांतून समजून घेतले. ते वाचकांनाही आवडेल असे वाटते.

ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा यांच्या शास्त्राचा आरंभ लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाच्या १७३६ सालच्या निबंधापासून मानतात. प्रशियातील क्योनिग्सबर्ग शहरातून प्रेगेल नदी वाहत असे आणि तिच्यावर सात पूल होते. प्रत्येक पूल एकदा आणि एकदाच ओलांडून सारे शहर फिरता येईल का, असे कोडे होते. ऑयलरने घरे, रस्ते, अंतरे सगळे बाजूला ठेवले. जमिनीचा प्रत्येक तुकडा किती पुलांनी जोडला आहे, एवढेच त्याने मोजले. एका तुकड्याला पाच आणि उरलेल्या तिघांना तीन-तीन पूल मिळत होते. सगळेच आकडे विषम. त्यावरून त्याने सिद्ध केले की असा फेरा होणे नाही. ते शहर आज कालिनिनग्राद या नावाने रशियात आहे.

पुलावरून दोन्ही बाजूंना जाता येते, म्हणून ऑयलरच्या रेघांना बाण नव्हते. पुढे १८५७ साली आर्थर केली या इंग्रज गणितज्ञाने फांद्या फुटत जाणाऱ्या आकृत्यांवर लिहिले आणि त्यांना 'वृक्ष' म्हटले. आपण वंशवृक्ष म्हणतो त्याच जातीचा हा वृक्ष. अशा आकृत्यांना 'ग्राफ' हे नाव सिल्व्हेस्टरने १८७८ साली दिले. बुडापेस्टच्या डेनेस क्योनिगने या शास्त्राचे पहिले पाठ्यपुस्तक १९३६ साली प्रसिद्ध केले. ऑयलरच्या निबंधाला त्या वर्षी बरोबर दोनशे वर्षे होत होती.

बाणांना खरे महत्त्व आले ते मोठमोठी कामे पार पाडताना. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यू पाँ या रसायनांच्या कंपनीत मॉर्गन वॉकर आणि जेम्स केली यांनी, आणि १९५८ साली अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामात दुसऱ्या एका मंडळीने, जवळजवळ एकच गोष्ट केली. साऱ्या कामाचे लहान लहान तुकडे पाडले आणि कोणता तुकडा कोणाच्या आधी व्हायला हवा हे बाणांनी दाखवले. नौदलाच्या रीतीला 'पर्ट' म्हणतात.

क्षेपणास्त्राचे काम आपल्याला परके वाटेल. पण दिवाळीच्या फराळाचे काम काही निराळे नसते. अनारसे तळायचे तर पीठ मुरलेले हवे. पीठ मुरवायचे तर तांदूळ कुटून गुळात कालवलेले हवेत. आणि कुटायचे तर ते तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, मग फडक्यावर सुकवलेले हवेत. करंजी भरायची तर एकीकडून सारण तयार हवे आणि दुसरीकडून पारी. म्हणजे 'करंजी भरणे' या कामाकडे दोन बाण येतात. सारणाकडे भाजलेल्या खोबऱ्याकडून बाण येतो, भाजण्याकडे किसण्याकडून येतो. खोबरे किसण्याकडे मात्र कोणताच बाण येत नाही. तांदूळ भिजत घालण्याकडेही येत नाही. आई फराळाला बसते तेव्हा तिच्या मनात नेमका हाच शोध चाललेला असतो: ज्याच्याआधी काहीच नाही, असे काम कोणते?

हा शोध यंत्राकडून कसा करून घ्यावा, याची एक स्वच्छ रीत आर्थर कान याने नोव्हेंबर १९६२ मध्ये प्रसिद्ध केली. प्रत्येक कामावर त्याच्याकडे येणाऱ्या बाणांचा आकडा लिहायचा. ज्यांचा आकडा शून्य, ती कामे रांगेत उभी करायची. रांगेतले पहिले काम उरकले की त्याच्याकडून निघणारे बाण खोडायचे आणि ते जेथे टेकत होते तेथला आकडा एकेकाने कमी करायचा. असे करताना जेथे शून्य येईल ते काम रांगेच्या शेवटी येऊन उभे राहते. सारण झाले की करंजीचा आकडा दोनाचा एक होतो. पारी झाली की एकाचा शून्य होतो. करंजी रांगेत येते. प्रत्येक बाणाला एकदाच हात लावावा लागतो. तीस हजार कामांचे जाळे आयबीएम ७०९० या त्या काळच्या यंत्रावर तासाभराच्या आत क्रमाने लावता येते, असे कानने त्या लेखात सांगितले आहे.

पण समजा, कामे शिल्लक आहेत आणि शून्य आकड्याचे एकही काम सापडत नाही, तर? मग समजावे की बाण कोठेतरी गोल फिरून स्वतःच्याच शेपटीशी आले आहेत. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, ही आपली म्हण म्हणजे असाच दोन बाणांचा गोल. एका कचेरीत मला रहिवासाच्या दाखल्यासाठी शिधापत्रिका आणायला सांगितले आणि शिधापत्रिकेच्या खिडकीवर रहिवासाचा दाखला मागितला, तेव्हा मीही त्या गोलात एक दिवसभर फिरलो आहे.

आपल्या नैयायिकांनी या गोलांची फार पूर्वीच नावे ठेवलेली आहेत, हे पाहून मला मौज वाटली. स्वतःच स्वतःवर अवलंबून राहणे हा आत्माश्रय. दोघांनी एकमेकांवर अवलंबून राहणे हा अन्योन्याश्रय. तिघे किंवा अधिक मिळून फेरा धरतात तो चक्रक. आणि मागे मागे जातच राहायचे, कोठे टेकायचेच नाही, ती अनवस्था. या शब्दांत मांडले तर गणितातला एक सिद्धान्त पाचवीच्या मुलालाही समजेल. कोणत्याही नावापासून बाणाच्या उलट दिशेने मागे चला. एकतर तुम्ही कोठेतरी थांबाल, म्हणजे बाण न येणारे नाव सापडले. थांबला नाहीत आणि एकच नाव पुन्हा भेटले, तर चक्रक झाले. थांबलाही नाहीत आणि कोणी पुन्हा भेटलेही नाही, तर अनवस्था. पण त्यासाठी कागद अनंत हवा. आपला कागद हातभर. बापच मुलाचा मुलगा असणे शक्य नाही, म्हणून चक्रकही नाही. तेव्हा निदान एक नाव असे निघालेच पाहिजे की ज्याच्याकडे बाण येत नाही.

येथपर्यंत गणित निर्वेध आहे. अडचण सुरू होते ती त्या नावाला आपण 'पहिला' म्हणू लागतो तेव्हा.

याबाबत मला एकदा वर्गातच धडा मिळाला. सहामाहीचे पेपर तपासत होतो. पानिपतच्या तिसऱ्या लढाईचे साल एका मुलाने १७६१ च्या ऐवजी १६७१ लिहिले. त्याच्या मागच्या बाकावरच्या दोघांनीही १६७१. त्यांच्या मागच्याने १६७७. मला लगेच सारे बाण दिसू लागले. पुढच्याची चूक मागच्या दोघांनी उचलली, आणि त्यांच्यातल्या एकाच्या एकाचा सात झालेला तिसऱ्याने पाहिला. चुकीच्या खुणेवरून नक्कल ओळखायची ही रीत मास्तरांच्या अंगवळणी पडलेली असते. बरोबर उत्तर कोणीही स्वतंत्रपणे लिहू शकतो. पण एकच विचित्र चूक तिघांना स्वतंत्रपणे सुचत नाही. मी पहिल्या बाकावरच्या मुलाला उभे केले. मूळपुरुष सापडला होता!

तो म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच फळ्यावर असं लिहिलं होतं."

वर्गातल्या दोन-तीन मुलींनी वह्या उघडून दाखवल्या. सर्वांच्या वहीत १६७१ होते. मुलींनी पेपरात १७६१ लिहिले होते, कारण त्यांनी पुस्तक वाचले होते. माझ्या यादीत त्या मुलाकडे बाण येत नव्हता, याचे कारण माझ्या यादीत फळा नव्हता आणि मी नव्हतो. त्या दिवशी मी मुलांची क्षमा मागितली आणि सर्वांना एकेक गुण दिला.

हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर, फार मोठ्या धीराने आणि कोणाचाही अपमान न करता पुण्यात एकदा घडली आहे. ती म्हणजे महाभारताची चिकित्सक आवृत्ती.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने हे काम १९१९ साली हाती घेतले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्याला द्रव्यसाह्याचा आधार दिला. १९२५ साली विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक झाले. सुखठणकर आधी केंब्रिजला गणित शिकले आणि मग बर्लिनला जाऊन संस्कृताकडे वळले, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मला तर ती कळल्यावर त्यांच्या कामाकडे नव्याने पाहावेसे वाटले.

महाभारताच्या पोथ्या काश्मीरपासून केरळापर्यंत पसरलेल्या. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा नाना लिप्यांत लिहिलेल्या. प्रत्येक पोथी ही दुसऱ्या कोणत्या तरी पोथीची नक्कल. नक्कल करताना एखादी ओळ गळते, एखादा शब्द चुकतो, आणि एखाद्या भाविक लेखकाला आपल्याकडची एक कथा त्यात असायलाच हवी असे वाटून तो ती घालतो. पोथ्या ओळीने लावून पाहिल्या की त्या चुका आणि त्या भरी पोथ्यांची नाती सांगू लागतात. एका पोथीतल्या साऱ्या चुका दुसरीत असतील आणि शिवाय तिच्या स्वतःच्या चार चुका जास्त असतील, तर दुसरी ही पहिलीवरून उतरली असे धरावे. तिच्याकडे बाण आला. मूळ शोधण्यापुरते तिचे स्वतंत्र मोल उरत नाही. ज्यांच्याकडे हयात पोथ्यांपैकी कोणाहीकडून बाण येत नाही अशा पोथ्या मागे उरतात, आणि मग त्यांच्यात परस्परांशी जे जुळते त्यावरून त्यांची हरवलेली आई कशी असेल याचे अनुमान करायचे.

काम सांगायला सोपे, करायला महाकठीण. कारण नक्कल करणारे एका पोथीवर थांबत नसत. शेजारच्या मठातली दुसरी पोथी आणून तिच्याशी ताडून पाहत, तिच्यातले बरे वाटेल ते घेत. म्हणजे एकाच पोथीकडे दोन-दोन, तीन-तीन बाण. वंशवृक्षाचे सरळ झाड राहत नाही, त्याचे जाळे होते. तरीही सुखठणकरांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत पोथ्यांच्या घराण्यांची वंशावळ मांडून दाखवली. उत्तरेची एक मोठी शाखा, दक्षिणेची दुसरी, आणि त्यांना फुटलेल्या प्रांतोप्रांतीच्या फांद्या. आदिपर्व १९३३ साली पुरे झाले.

या चाळणीतून काय खाली पडले? गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची कथा पडली! व्यासांनी सांगायचे आणि गणरायाने न थांबता लिहायचे, ही आपणा सर्वांना तोंडपाठ असलेली कथा सर्व शाखांत नाही, म्हणून ती मूळ संहितेतून काढून परिशिष्टात ठेवावी लागली. ज्या महाराष्ट्रात आरंभालाच 'श्रीगणेशा' म्हणतात, त्याच महाराष्ट्रात बसून हा निर्णय घेणे सोपे गेले नसेल. पण टिंबे मोजणाऱ्याने टिंब नसेल तेथे ते देता कामा नये.

मला सर्वांत मोठी वाटते ती सुखठणकरांची कबुली. आपण सिद्ध केलेली संहिता ही व्यासांच्या हातची पोथी आहे, असे त्यांनी कधीच म्हटले नाही. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जितके मागे जाता येते तितके मागे गेल्यावर हाती लागणारे हे सर्वांत जुने रूप, एवढाच त्यांचा दावा होता. त्याच्याकडे बाण येत नाही याचा अर्थ त्याच्यामागे काही नव्हते असा नाही. त्याच्यामागे सूत होते, श्रोते होते, शतकानुशतकांची तोंडी परंपरा होती. फक्त तेथून येणारे बाण कोणी कागदावर काढून ठेवले नव्हते.

सुखठणकर १९४३ च्या जानेवारीत, महाभारतावरची त्यांची मुंबईतील व्याख्यानमाला पुरी होण्याआधीच वारले. पुढे श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी धुरा वाहिली. १९६६ च्या सप्टेंबरात राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते ग्रंथाच्या पूर्ततेचा समारंभ झाला. एकूण १२५९ हस्तलिखिते तपासली गेली होती. सत्तेचाळीस वर्षे चाललेल्या या कामाच्या शेवटी उत्तर मिळाले ते असे की येथपर्यंत आपल्याला जाता आले.

आता पुन्हा आमच्या ओसरीवर येतो.

बत्तीस गोलांचा तो कागद मी भिंतीला लावून ठेवला होता. मूळपुरुषाची मला आता फारशी फिकीर नव्हती. त्यालाही बाप होताच. त्याचे नाव लिहिणारा कोणी नव्हता, इतकेच. मनात टोचत होत्या त्या एकतीस जणी. मूळपुरुषाच्या मागचा बाण काळाने पुसला. यांच्या मागचा बाण आम्हीच काढला नव्हता. लग्नाच्या दिवशी तांदळात नवे नाव लिहिले की जुने नाव आणि त्याच्या मागचे सारे माणसांचे गणगोत त्या तांदळांबरोबर मिटून जात असे. ज्याने वंशावळ लिहिली त्याला विचारावेसेही वाटले नाही, कारण वंशावळ वतनासाठी आणि श्राद्धासाठी लिहायची असे; आणि तेथे या प्रश्नाचे काही काम नव्हते.

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी भाची परसात घंगाळ घासायला बसली होती. चिंच आणि मीठ लावून तिने तळ खसखसून घासला, मग काठ घासला, आणि एकाएकी हाक मारली, "मामा, इथे काहीतरी लिहिलंय!"

काठाखाली टिंबाटिंबांनी ठोकलेली अक्षरे होती. पूर्वी लग्नात दिलेल्या भांड्यांवर अशी नावे घालीत. वर्षानुवर्षे घासून घासून ती बोथट झाली होती. तिने त्यांच्यावर ओले पीठ चोळून पुसले तेव्हा खळग्यांत पांढरे राहिले आणि वाचता आले: 'ठकूस आजोळची भेट शके १८०३'. पुढे गावाचे नाव असावे. ते झिजून गेले होते.

शके १८०३ म्हणजे १८८१ साल. आमच्या वंशावळीत ठकू नावाची कोणी नाही.

आईला विचारले. ती म्हणाली, "हे घंगाळ माझ्या सासूबाईंच्या आजेसासूबाईंचं. त्या लग्नात घेऊन आल्या होत्या, असं सासूबाई सांगायच्या."

आजीची आजेसासू म्हणजे माझी खापरपणजी. वंशावळीत ती 'भा. लक्ष्मी' आहे. म्हणजे ही लक्ष्मी आमच्या घरात येण्यापूर्वी ठकू होती. तिला आजोळ होते. त्या आजोळच्या माणसांनी, ती सुखाने नांदावी म्हणून, हे जड घंगाळ तिच्याबरोबर पाठवले होते. दर दिवाळीला मी त्याच घंगाळातले पाणी अंगावर घेत आलो होतो, आणि ते देणाऱ्याचे नाव माझ्या कमरेइतक्या उंचीवर लिहिलेले होते.

भाचीने हात पुसले, कागद भिंतीवरून काढला आणि लक्ष्मीच्या वर एक कोरा गोल काढला. "ही ठकूची आई," ती म्हणाली. "आजोळ म्हटल्यावर आईवरूनच बाण यायचा." कोऱ्या गोलापासून लक्ष्मीपर्यंत तिने बाण ओढला आणि लक्ष्मीच्या नावावर टिंब दिले.

"म्हणजे आता एकतीस उरले," मी म्हणालो.

"नाही मामा. बत्तीसच. ठकूच्या आईकडे कुठे बाण येतो?"

खरेच होते. एक बाण सापडला की त्याच्या मागे नवे रिकामे नाव उभे राहते. ही संख्या कमी होत नाही. ती फक्त एक पाऊल मागे सरकते. पण त्या एका पावलात एक माणूस आपल्या आईला मिळालेले असते.

संध्याकाळी मी आईजवळ बसलो. तिचे नाव त्या कागदावर आहे, आणि तिच्याभोवतीही गोल आहे. तिच्या आईला, म्हणजे माझ्या आजोळच्या आजीला, मी पाहिले आहे, तिच्या हातची करंजी खाल्ली आहे. पण लग्नाआधी तिचे नाव काय होते, ती कोणत्या गावची, हे मी चाळीस वर्षांत कधी विचारले नव्हते. पोथ्यांची आई शोधायला पंडितांना सत्तेचाळीस वर्षे लागली, कारण सांगणारे कोणी उरले नव्हते. माझ्या घरी सांगणारी समोर बसून वाती वळत होती.

वाचकहो, आपल्याही घरी या चार दिवसांत माणसे जमतील. जुनी भांडी खाली येतील, जुने फोटो निघतील. फराळाची ताटे उचलल्यावर थोडा वेळ काढा आणि घरातल्या सर्वांत वडील बाईला तिच्या आईचे माहेरचे नाव विचारा. ती सांगेल ते लिहून ठेवा. तिला ठाऊक नसेल, तर तेथे एक कोरा गोल काढा. तोही खरा असतो.

आमच्या आईला तिच्या आईचे माहेरचे नाव ठाऊक होते. तिच्या आजीचेही होते. ती सांगत गेली आणि भाची लिहीत गेली. कागद पुरेना म्हणून खाली दुसरा जोडला. त्याच्यावर भाचीने आधी स्वतःच्या आईचे नाव घातले, मग स्वतःचे, आणि दोघींकडे बाण ओढले. पणत्यांत तेल घालायचे राहून गेले होते, ते शेवटी मीच उठून घातले.